फोन ठेवायची शिकवणी

आमच्या दुकानात काही लॅपटॉप न बिघडताच येतात. झाकण उघडलं की लगेच सुरू होतात, पंखा नीट फिरतो, बॅटरी धड असते. घेऊन आलेला माणूस मात्र दारातूनच सांगतो, "ताई, यातलं सगळं पुसून टाका." फोटो हवेत का, कागदपत्रं आहेत का, काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत तो नसतो. मग मी खुर्ची पुढे करते आणि विचारते, "फोन कुणी लावला होता? त्यांनी की तुम्ही?"

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं दुकान लहानसंच आहे. भाऊ हार्डवेअर बघतो, म्हणजे फुटलेले स्क्रीन, चहा प्यायलेले कीबोर्ड, बिजागरी तुटलेली झाकणं. सॉफ्टवेअर माझ्याकडे. त्यामुळे ही फोनवरून फसलेली, सगळं पुसून टाकायची गिऱ्हाइकं माझ्या टेबलावर येतात. भाऊ म्हणतो, तुझ्याकडे दुरुस्ती कमी आणि पंचनामे जास्त.

त्यातला एक पंचनामा सविस्तर सांगते, कारण या धंद्याची बहुतेक कलमं त्यात आहेत. एक निवृत्त चित्रकला शिक्षक आले होते. वॉटरकलरचा कागद कुठे स्वस्त मिळतो ते इंटरनेटवर शोधत होते. कुठल्याशा दुव्यावर बोट पडलं आणि सगळा स्क्रीन निळा झाला. भोंगा वाजायला लागला. एका बाईचा आवाज इंग्रजीत सांगू लागला की तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, तो बंद करू नका, बंद केलात तर माहिती नष्ट होईल. मधोमध मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि खाली फोन नंबर. माउसचा बाण दिसेना. सरांनी तो नंबर फिरवला.

पलीकडचा मुलगा हिंदीत बोलत होता आणि फार अदबीनं. घाबरू नका सर, आपण मिळून बघू. त्यानं आधी भोंगा बंद करून दाखवला, म्हणजे एक बटण दाबायला सांगितलं आणि आवाज थांबला. इथेच अर्धं काम झालं. ज्यानं आग विझवली त्याच्यावर माणूस विश्वास टाकतोच. मग त्यानं ॲनीडेस्क नावाचं, लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, त्यातला आकडा विचारला आणि सरांच्या डोळ्यांदेखत बाण आपोआप फिरायला लागला. त्यानं विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे लाल खुणांची आणि पिवळ्या त्रिकोणांची रांगच्या रांग. "सर, जरा मोजाल का किती आहेत?" सर मोजायला लागले. काही डझनांच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं आणि विचारलं, "आता काय करायचं?"

त्यांनी हे सांगितल्यावर मी काही न बोलता दुकानातल्या आमच्या कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, सरांच्यापेक्षा जास्तच. सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरेरे, म्हणजे तुमचाही गेला?"

त्यांना मी सोसायटीच्या वॉचमनच्या वहीचं उदाहरण दिलं. पाणी अर्धा तास उशिरा आलं, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली, कुरियरवाला परत गेला, सगळं त्या वहीत असतं. तेवढ्यावरून बिल्डिंग पडायला आली असं कुणी म्हणत नाही. विंडोजही असंच बारीकसारीक लिहून ठेवतं. एखादा प्रोग्रॅम वेळेत सुरू झाला नाही, प्रिंटरनं उत्तर दिलं नाही, वाय-फाय क्षणभर सुटलं. नव्या कोऱ्या मशीनवरही काही तासांत ही यादी तयार होते. चोराला हे माहीत असतं, सरांना नसतं, आणि फरक तेवढाच आहे.

अशा आणखी दोन-तीन हातचलाख्या आहेत. काळ्या खिडकीत एक साधी आज्ञा द्यायची, की मजकूर सरसर वर पळायला लागतो. खरं तर ती फक्त फोल्डरची यादी असते. ती चालू असतानाच पलीकडचा माणूस "सिक्युरिटी संपली, हॅकर सापडला" असं टाइप करून ठेवतो. यादी थांबली की ते वाक्य खाली उमटतं आणि मशीनच बोलल्यासारखं वाटतं. दुसरी युक्ती लायसन्स नंबरची. "तुमचा कॉम्प्युटर आमच्याकडे नोंदलेला आहे, खात्री करून देतो," म्हणत तो एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवतो, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. तुमच्या स्क्रीनवर अक्षरन् अक्षर तोच क्रमांक निघतो आणि अंगावर काटा येतो. तो क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोजवर तोच असतो. फाइल झिप करून पाठवण्याच्या सोयीची ती आतली खूण आहे. तिसरी युक्ती नेटवर्कच्या जोडण्या दाखवण्याची. तिथे फॉरेन ॲड्रेस असा मथळा असतो, आणि फॉरेन म्हटलं की परदेशी हॅकर डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याचा अर्थ फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता. पलीकडचं टोक भांडुपला असलं तरी मथळा तोच.

तो निळा स्क्रीनसुद्धा एक वेबपान असतं, इतर पानांसारखंच. फक्त ते पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं असतं आणि बंद करायची फुली लपवलेली असते. एस्केपचं बटण जरा वेळ दाबून धरलं की बहुतेक वेळा ते आटोपतं. नाहीच आटोपलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, आणि ब्राउझर बंद. पुन्हा उघडताना "आधीची पानं परत आणू का" असं विचारलं तर नाही म्हणायचं, एवढंच. यातलं काही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून ठेवा. सेव्ह न केलेलं काम सोडलं तर काहीही नष्ट होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, आणि ती कंपनी आपण होऊन कुणाला फोन करत नाही. हे तिनं स्वतःच जाहीर करून ठेवलेलं आहे. सोसायटीच्या नळाचं लिकेज तक्रार केल्यावरही कुणी बघायला येत नाही, आणि अमेरिकेतली कंपनी तुमच्या घरातला व्हायरस स्वतःहून ओळखून फोन करील हे आपल्याला खरं कसं वाटतं, कुणास ठाऊक.

हा धंदा मुळात आपल्याला फसवण्यासाठी उभा राहिला नव्हता. तो इथून तिकडे जात होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं बनावट टेक सपोर्टच्या, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली लुटणाऱ्या, सहा टोळ्यांवर एकदम कारवाई जाहीर केली. फोन जात होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडमधल्या घरांत, आणि ते लावणारे बहुतांश भारतात बसलेले होते. इंग्रजी बोलणारी, रात्रपाळीची सवय झालेली, कंपनीच्या बसनं पहाटे घरी येणारी मुलं आपल्याकडे तयारच होती. खऱ्या कॉल सेंटरनं त्यांना शिकवलं, खोट्या कॉल सेंटरनं त्यांना वापरलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये गुरुग्राम आणि नोएडा भागात पोलिसांनी अशा सोळा केंद्रांवर छापे घातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली, त्यातही टेक सपोर्टची प्रकरणं होती.

ठाण्याच्या माणसाला याची आठवण करून द्यायला दिल्लीला जावं लागत नाही. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापा घातला तेव्हा सातशेहून जास्त मुलंमुली एका रात्रीत ताब्यात घेतली गेली आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. तिथला मसाला थोडा वेगळा होता. कॉम्प्युटरऐवजी अमेरिकेच्या आयकर खात्याचं नाव घेऊन कर थकवल्याची भीती घालायची, आणि दंड गिफ्ट कार्डात भरून घ्यायचा. मे २०२५ मध्ये पुण्यात खराडीला असंच केंद्र सापडलं, शंभरावर कर्मचारी होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये सीबीआयला ॲमेझॉनच्या ग्राहक सेवेचं सोंग घेतलेलं कॉल सेंटर मिळालं. पावसाळ्यात लोक इगतपुरीला धुकं बघायला जातात. ही मंडळी तिथे बसून अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या आजोबांना फोन लावत होती.

या खोल्यांत काय चालतं ते मला एका मुलाकडून कळलं. जुना फोन विकायला आला होता. फोन पुसताना गप्पा निघाल्या. कॉलेज अर्धवट सोडून तो काही महिने अशा ठिकाणी होता, तिथे त्याचं नाव स्टीव्ह. पहिला फोन घेणारा तो ओपनर, पैसे काढणारा तो क्लोजर. ओपनरचं काम फक्त भीती जागी ठेवायची. त्याच्या पुढ्यात कागद असायचा, समोरच्यानं काय म्हटलं की काय म्हणायचं, सगळं लिहिलेलं. मी विचारलं, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय? मला वाटलं, तो काहीतरी तांत्रिक सांगेल. तो म्हणाला, "लाइन तुटू द्यायची नाही. माणूस पाणी प्यायला उठला तरी फोन हातात घेऊन जायला सांगायचं. बायकोला विचारतो म्हणाला की गेला." शिव्या देऊन ठेवणाऱ्याला परत कुणी लावत नसे. "सॉरी, मी आत्ता जरा घाईत आहे" म्हणणाऱ्याचा नंबर मात्र वेगळ्या वहीत चढायचा. तो सभ्य माणूस. तो पुन्हा उचलेल.

त्याच्याबद्दल मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या फोनची तडकलेली काच बघून त्याला मिळालेल्या पगाराचा अंदाजही आला. मोठे मासे दुबईत, ही पोरं पोलिसांच्या व्हॅनमध्ये. तरी पोरगं निरागस होतं असं मी म्हणणार नाही. पलीकडे म्हातारी रडतेय हे त्याला ऐकू येत होतं.

पलीकडची ती म्हातारी कधी कधी आपलीच असते. माझी आत्या न्यू जर्सीत एडिसनला राहते, चाळीसेक वर्षं झाली. तिला फोन आला तो रिफंडचा: तुम्ही घेतलेल्या अँटिव्हायरसची कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचे आहेत. आत्या हिशेबी, परत मिळणारे पैसे कशाला सोडील! तिनं लॅपटॉप त्यांच्या हाती दिला, बँकेचं पान उघडलं. दोनशे डॉलर परत यायचे होते, स्क्रीनवर दिसले वीस हजार. फोनवरचा माणूस रडकुंडीला आला. "मॅडम, माझ्या हातून दोन शून्यं जास्त पडली, माझी नोकरी जाईल, वरची रक्कम परत करा." पैसे आलेलेच नव्हते. ब्राउझरमध्ये कुठलंही पान उघडून त्यातला आकडा आपल्यापुरता बदलता येतो. मी दुकानात गिऱ्हाइकांना त्यांच्याच खात्यावर कोट्यवधी रुपये दाखवते, आणि पान ताजं केलं की ते जातात. त्या अर्ध्या मिनिटात त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आत्या गिफ्ट कार्ड घ्यायला दुकानात गेली, कारण त्यानं तसंच सांगितलं होतं. फोन पर्समध्ये चालूच. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, एवढी कार्डं कुणासाठी? तिकडच्या दुकानांत कार्डांच्या रॅकपाशी पाट्याही लावलेल्या असतात. आत्यानं सांगितलं, नातवंडांसाठी. हेही त्यानंच पढवलेलं. आयुष्यात कधी शेजारणीशी खोटं न बोललेली बाई एका अनोळखी माणसाची नोकरी वाचावी म्हणून दुकानदारणीशी खोटं बोलली. घरी येऊन काही कार्डं खरवडून आकडे वाचून दाखवले, आणि मध्येच लेकीचा फोन आला म्हणून उरलेली कार्डं बचावली. कुठलंही सरकार, कुठलीही कंपनी, कुठलीही बँक येणं गिफ्ट कार्डात घेत नाही. तरी २०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या एफबीआयकडे टेक सपोर्टच्या फसवणुकीत ९२ कोटी डॉलरहून अधिक नुकसानीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सगळ्यात मोठा.

मला आत्याच्या गोष्टीत पैशापेक्षा ती दया जास्त टोचते. तिला लोभ नव्हता. समोरचा अडचणीत आहे म्हटल्यावर तिला फोन ठेवता येईना.

आता हीच विद्या मराठीत आणि हिंदीत उतरली आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी लॅपटॉप नसतो, म्हणून सगळं फोनवर. २०२२ च्या सुमारास महावितरणच्या नावानं आलेला तो मेसेज आठवत असेल: मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, आमच्या अधिकाऱ्याला या नंबरवर फोन करा. साधा दहा आकडी मोबाइल नंबर. फोन केला की तो अधिकारी एखादं ॲप उतरवायला सांगतो आणि त्यावरून दहा रुपये भरायला लावतो. ते दहा रुपये कुणाला नको असतात. भरताना तुम्ही टाइप केलेला पासवर्ड आणि वर झळकलेला ओटीपी त्याला त्याच्या स्क्रीनवर दिसतो. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना ॲनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल सावध केलं होतं. ॲनीडेस्क वाईट नाही. मीही पुण्याच्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर इथे बसून त्यावरच सुरू करून देते. प्रश्न त्या आकड्याचा आहे. तो आकडा सांगणं म्हणजे फोन दुसऱ्याच्या हातात देणं, आणि हातात देण्याआधी तो माणूस तुम्ही निवडलेला असायला हवा.

निवडण्यातही खोच आहे. हल्ली बऱ्याचदा चोर फोन करत नाही, आपणच त्याला करतो. फ्रिज बिघडला, कुरियर अडकलं, पेमेंट दोनदा गेलं, की आपण गूगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधतो आणि वर येईल तो लावतो. ते वरचे नंबर कित्येकदा मुद्दाम पेरलेले असतात. माझ्या पहिल्या प्रश्नाला, फोन कुणी लावला होता या प्रश्नाला, आता अर्धे लोक "मीच" म्हणतात आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटते. नंबर बिलाच्या मागे बघावा, कार्डाच्या पाठीवर बघावा, कंपनीच्या ॲपच्या आत बघावा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, तो द्यायला लागतो. आणि ई-चलन, लग्नपत्रिका, पीएम किसान अशा कुठल्याही नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडू नये, पाठवणारा सख्खा मेहुणा असला तरी. त्याचाही फोन गेलेला असू शकतो.

डिजिटल अरेस्टवर, म्हणजे पोलीस असल्याचं सोंग घेऊन व्हिडिओ कॉलवरच माणसाला 'अटक' करण्यावर, इतकं लिहून आलंय की मी थांबत नाही. पंतप्रधानांचंही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये त्यावर बोलून झालंय. कायद्यात असली अटक नाही. पण तिचा सांगाडा बघा. व्हिडिओ कॉल चालू ठेवा, खोलीबाहेर जाऊ नका, कुणाला सांगू नका. स्टीव्हच्या कागदावरचं पहिलं कलम तेच होतं.

लोक मला विचारतात, आम्ही एवढे शिकलेले, आम्हाला कळायला नको? मी त्यांना जिम ब्राउनिंगची गोष्ट सांगते. या टोपणनावाचा एक ब्रिटिश गृहस्थ यूट्यूबवर अशा टोळ्यांनाच उघडं पाडतो. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून, त्यांच्या कॅमेऱ्यातून त्यांनाच दाखवतो. गुरुग्रामच्या एका केंद्राचं त्यानं केलेलं चित्रण बीबीसीनं २०२० मध्ये वापरलं होतं. जुलै २०२१ मध्ये यूट्यूबचा सपोर्ट म्हणून बोलणाऱ्या एका ठगानं त्याच्याकडून त्याचंच चॅनल डिलीट करवून घेतलं. हे त्यानं स्वतः जगजाहीर केलं, पुढे चॅनल परत मिळालं. या विषयात त्याच्याहून जाणता माणूस शोधून सापडायचा नाही. तेव्हा ज्ञान कमी पडलं म्हणून माणसं फसतात हे मला पटत नाही. उलटही आहे: मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं होतं की मोठ्या रकमेचं आमिष दाखवणाऱ्या नायजेरियन राजपुत्राची पत्रं मुद्दामच हास्यास्पद लिहिलेली असतात. शहाण्यांनी आधीच गळून पडावं म्हणजे वेळ वाया जात नाही. त्यामुळे "मेसेजमध्ये किती चुका होत्या, मी लगेच ओळखलं" असं कुणी मिशीला पीळ देत सांगितलं की मला वाटतं, बाबा, तुला त्यानं आधीच सोडून दिलं होतं.

फसतो तो आपल्या वळणामुळे. आपल्याकडे फोन ठेवायलाही पाच मिनिटं लागतात. बरं मग, चला मग, ठेवू मग, या एकदा घरी. समोरचा "सर", "मॅडम", "काकू" म्हणत असताना त्याचं वाक्य अर्धवट तोडणं उद्धटपणा वाटतो. साहेबाचा फोन साहेबानं ठेवल्यावर ठेवायचा ही तीस-तीस वर्षांच्या नोकरीची शिस्त, आणि पलीकडचा साहेबाच्याच आवाजात बोलतोय.

तरी घडलंच तर काय करायचं, तेही सांगते, कारण माझ्याकडे लोक फार उशिरा येतात. लॅपटॉप पुसायला नंतर कितीही वेळ आहे. आधी वाय-फाय बंद करा, फोन असेल तर फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे त्याचा हात सुटतो. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात. ते वाटेत अडवता यावेत म्हणूनच तो नंबर आहे आणि तिथे तासातासाचा फरक पडतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकानं स्वतः पासवर्ड वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे संकोचात घालवलेली प्रत्येक घटका आपल्या खिशातून जाते. पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या यंत्रावरून. ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी सगळ्या किल्ल्या त्याच्यात असतात. त्यानंतर माझ्याकडे या. मी रिमोटचे प्रोग्रॅम काढते, आपोआप सुरू होणारं काही ठेवलंय का बघते, आणि शंका राहिली तर विंडोज नव्यानं टाकते.

काही दिवसांनी आणखी एक फोन येईल. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी. हा त्याच टोळीचा दुसरा हप्ता असतो, किंवा त्यांनी यादी विकलेली असते.

घरच्यांबद्दल एक सांगायचंय, आणि इथे मला राग आवरत नाही. सर लॅपटॉप घेऊन आले ते मुलाला न सांगता. चोरानं त्यांच्या खात्यातून बरीच रक्कम काढली होती, आणि सरांना त्या रकमेपेक्षा "बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं!" या वाक्याची धास्ती जास्त होती. म्हणून त्यांनी दोन दिवस घालवले. त्या मुलाला मी ओळखते, चांगला आहे. पण असं वाक्य घरात तयार असलं की पुढच्या चोराला "कुणाला सांगू नका" असं सांगायचीसुद्धा गरज उरत नाही.

सरांच्या प्रकरणानंतर मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात अधूनमधून जाते. आधी स्लाइड दाखवायचे, खूण एक, खूण दोन. लोक माना डोलवायचे, वहीत उतरवायचे आणि चहाला उठायचे. आता स्लाइड नाहीत. मी हॉलच्या मागे जाऊन उभी राहते, एकेकाला खराखुरा फोन लावते आणि चोर होते. अट एकच: माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत फोन कापायचा.

जमत नाही. एक निवृत्त तहसीलदार माझं पदनाम, कार्यालयाचा पत्ता आणि जावक क्रमांक विचारत बसले, आणि मी सगळं पटापट देत गेले, तसतसे ते अधिकच अदबीनं बोलू लागले. एका काकांनी मला उपदेश केला की बाळा, तू तरुण आहेस, असले धंदे सोड. तोवर माझा इव्हेंट व्ह्यूअर उघडून झाला होता. मग एका आजींची पाळी आली. मी सुरुवात केली, "नमस्कार मॅडम, मी मायक्रोसॉफ्टमधून—" आणि आजी म्हणाल्या, "बरं बाई, ठेवते हं, कुकर लावलाय." कट.

हे धरायचं की नाही यावर वाद झाला. माझं म्हणणं होतं की कारण देणं म्हणजे नंबर त्या दुसऱ्या वहीत चढवून घेणं. नुसता कापा, कुकरबिकर सांगू नका. तहसीलदारांनी विषय मतास टाकला. कुकर बहुमतानं मंजूर झाला.